गाडी काय म्हणते

घोडा घ्यायचा तर आधी ओठ उचलून दात बघावे,
एवढं वडिलांनी शिकवलं होतं.
हिचे दात कुठे असतात, बिश्केकच्या बाजारात
कुणालाच सांगता येईना.
वालेरानं स्टिअरिंगखालच्या भोकात वायर खुपसली,
लॅपटॉपकडे बघत म्हणाला, चौऱ्याऐंशी टक्के.
माणसाच्या मानानं? मी विचारलं.
माणसाच्या मानानं उत्तम.
चार वर्षांच्या बॅटरीच्या मानानं, बरी.

तोरुगार्टच्या खिंडीतून ट्रकच्या पाठीवर बसून आलेली.
आधीचा मालक कोण, ठाऊक नाही.
मागच्या सीटच्या फटीत सूर्यफुलाच्या बियांची सालं
आणि एक निळं बटण, शाळेच्या सदऱ्याचं असावं.
मी पैसे मोजले.
पदरी पडलं, पवित्र झालं.

उन्हाळ्यात ती चारशे म्हणायची, तीनशे चाळीस चालायची.
एवढं खोटं मी लग्नातही चालवून घेतलं होतं.
जानेवारीत चारशेचे दोनशे दहा झाले.
हीटर लावला की प्रवासी खूश, आकडा उदास.
मी पाय घोंगडीत गुंडाळून
तोकमोक-बिश्केक, बिश्केक-तोकमोक.

पहाटे दारांच्या मुठी बर्फानं गिळलेल्या,
त्या सपाट, देखण्या मुठी, ज्यांवर मी भाळले होते.
किटलीभर कोमट पाणी, मग उघडायच्या.
एकदा त्यानंही नाही:
मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली
आणि बारा व्होल्टची, पावाएवढी, मेलेली.
कोठारात धान्य, किल्ली विहिरीत.

ब्रेकच्या चकत्यांवर गंज.
झिजल्या नाहीत, वालेरा म्हणाला, वापरल्याच नाहीत.
ही पाय उचलला की स्वतःच स्वतःला आवरते,
ब्रेकला काम उरत नाही.
आठवड्यातून एकदा जोरात दाबत जा.
न वापरलेलं सगळं गंजतं.
तो ब्रेकबद्दलच बोलत होता.

आणि ती बोलते. चिनीत.
बाईचा आवाज, धुऊन इस्त्री केलेला.
पडद्यावरची अक्षरं म्हणजे बर्फावर चिमण्या नाचून गेलेल्या.
भाषा बदलायची तर शंभर डॉलर,
आणि कदाचित सगळंच बंद पडेल. राहू दे म्हटलं.
संध्याकाळच्या चौथ्या फेरीला, कांटच्या आसपास,
तेच एक वाक्य, दोनदा.
आधी वाटलं जाहिरात. मग वाटलं शुभेच्छा.
मी उत्तर देऊ लागले: तुलाही.

मार्चमध्ये एर्सा पुढे बसला, लसणाची तीन पोती घेऊन.
दुंगान म्हातारा. त्याचे पूर्वज
बर्फातून डोंगर ओलांडून इकडे आले तेव्हा
भाषा तोंडात आली, लिपी तिकडेच राहिली.
कांटपाशी ती बोलली.
तो हसला. मग हसायचा थांबला.
पुन्हा म्हणू दे.
ती पुन्हा म्हणाली.

आमच्याहून जरा नाकात बोलते, तो म्हणाला,
पण म्हणतेय, तू थकली आहेस.
गाडी बाजूला घे. थोडी विसाव.
कधीपासून म्हणतेय?

ऑगस्टपासून.

मी गाडी बाजूला घेतली नाही.
मागे दोघं होते, त्यांना ओशची बस गाठायची होती.
फक्त कांट संपल्यावर, रस्ता मोकळा बघून,
ब्रेक एकदा जोरात दाबला. आठवडा झाला होता.
चकत्या करकरल्या, लसूण पुढे सरकला,
मागून कुणीतरी शिवी दिली.

आणखी काय काय म्हणते ही? एर्सानं विचारलं.
एक वाक्य आहे, मी म्हटलं, फक्त थंडीत,
सुरू होताना, पहाटे पाचला.
उद्या येशील?

लसूण विकला गेला तर, तो म्हणाला.